संख्याशास्त्रात पीएचडीचा अर्ज: कमिटी आधी काय बघते

अमेरिकेतल्या संख्याशास्त्राच्या पीएचडीचा अर्ज कोण वाचतं, हे एकदा नीट ध्यानात आलं की तयारीचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. अर्ज वाचतात त्याच विभागातले काही प्राध्यापक. वाचताना त्यांचा हिशोब साधा असतो: या विद्यार्थ्याची ट्यूशन फी माफ करायची, पाचेक वर्षं स्टायपेंड द्यायचा, आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षीच्या क्वालिफाइंग परीक्षेत (पीएचडीत पुढे जायला ही पार करावी लागते) गाडी अडली तर सगळं वाया. त्यामुळे 'हुशार आहे का' यापेक्षा 'पहिल्या वर्षाची थिअरी झेपेल का' हा प्रश्न आधी येतो. त्याचं उत्तर एसओपीत (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे आपला हेतू सांगणाऱ्या निबंधात) सापडत नाही, ट्रान्सक्रिप्टमध्ये (विषयवार गुणपत्रकात) सापडतं. म्हणजे डिसेंबरमध्ये भरायच्या अर्जाचं खरं काम दीड-दोन वर्षं आधी, विषय निवडताना होऊन गेलेलं असतं.

कोणते विषय? बहुचल कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा, कॅल्क्युलसवर आधारलेली संभाव्यता आणि गणिती संख्याशास्त्र हे चार धरूनच चालायचं. पाचवा रिअल ॲनालिसिस, म्हणजे कॅल्क्युलसचा सिद्धतांसह अभ्यास. विभागांच्या संकेतस्थळांवर ॲनालिसिसपुढे बऱ्याचदा 'शिफारस' असं लिहिलेलं असतं. पीएचडीसाठी ते 'आवश्यक' असंच वाचा. शिफारस लिहिण्यामागे कारण असतं: एखादा चांगला भौतिकशास्त्रज्ञ किंवा अभियंता केवळ नियमापायी बाहेर राहू नये. पण त्या सवलतीचा फायदा मिळतो तो ज्याच्या ट्रान्सक्रिप्टमध्ये तितकंच अवघड दुसरं काही असतं त्याला. डेटा सायन्स, मशीन लर्निंग, बिझनेस ॲनालिटिक्स असे सहा-सात ऐच्छिक विषय आणि एकही सिद्धता लिहायला लावणारा विषय नाही, असा ट्रान्सक्रिप्ट दिसायला भरगच्च असतो, पण कमिटीच्या प्रश्नाला तो उत्तरच देत नाही. मेझर थिअरी (संभाव्यतेचा पुढच्या पातळीचा गणिती पाया) मात्र आधी झालेली नसली तरी चालतं. ती तिथे शिकवतातच.

ॲनालिसिसवर एवढा भर का, ते एका उदाहरणाने दिसेल. एक यादृच्छिक चल घ्या. त्याची किंमत १/एन इतक्या संभाव्यतेने एन असते, नाहीतर शून्य. एन वाढवत नेला की हा चल शून्य असण्याची शक्यता १ कडे सरकत जाते, म्हणजे संभाव्यतेच्या अर्थाने तो शून्याकडे अभिसरण पावतो. आता अपेक्षित मूल्य काढा: एन गुणिले १/एन, म्हणजे १. एन दहा असो की दहा लाख, अपेक्षित मूल्य १ वरून हलत नाही. चल शून्याकडे चालला आहे आणि त्याची सरासरी जागची हलायला तयार नाही! 'लिमिट आणि अपेक्षित मूल्य यांची अदलाबदल कधी चालते' हा प्रश्न इथून सुरू होतो, आणि एखादा अंदाजक (नमुन्यावरून अज्ञात संख्येचा अंदाज काढणारं सूत्र) मोठ्या नमुन्यात कसा वागतो याचा अभ्यास पुढे बराचसा याच प्रश्नाभोवती फिरतो. ज्याने ॲनालिसिस केलं आहे त्याला यातली मेख लगेच दिसते. ज्याने केलं नाही तो सूत्रं पाठ करत राहतो आणि परीक्षेत अटी तपासायला विसरतो.

लिनिअर अल्जिब्राचंही तसंच. तो विषय 'झाला आहे' आणि 'येतो' यात फरक आहे. स्वतःला तपासायचं असेल तर रिग्रेशनमधली हॅट मॅट्रिक्स (निरीक्षणांवरून मॉडेलचे अंदाज काढून देणारी) घ्या. ती निरीक्षणांच्या सदिशाची लंब सावली डिझाइन मॅट्रिक्सच्या स्तंभांनी बनलेल्या अवकाशावर पाडते. सावलीची पुन्हा सावली पाडली तरी ती तीच, म्हणून या मॅट्रिक्सचा वर्ग म्हणजे ती स्वतःच. म्हणून तिची आयगन मूल्यं फक्त ० किंवा १. म्हणून कर्णावरच्या संख्यांची बेरीज म्हणजे तिचा रँक, आणि स्तंभ एकमेकांवर अवलंबून नसतील तर रँक म्हणजे मॉडेलमधल्या गुणकांची संख्या. रेसिड्युअल्सना (निरीक्षण आणि मॉडेलचा अंदाज यांतल्या फरकांना) निरीक्षणं वजा गुणक एवढ्याच स्वातंत्र्यमात्रा का उरतात, ते इथे कळतं. ही साखळी पुस्तक न उघडता कागदावर मांडता आली तर पाया ठीक आहे. नाही आली, तर अर्जाआधी हाताशी असलेले महिने इथेच घालवा.

याहून चांगली चाचणी फुकट मिळते. अनेक विभाग आपल्या जुन्या क्वालिफाइंग परीक्षेच्या प्रश्नपत्रिका संकेतस्थळावर ठेवतात. दोन-तीन विभागांच्या उतरवून घ्या आणि थिअरीचा पेपर वाचा. प्रश्न आत्ता सुटावेत अशी अपेक्षा नाही, पण प्रश्न काय विचारतो आहे तेच कळत नसेल तर आपण कुठे उभे आहोत ते समजतं.

ट्रान्सक्रिप्टमध्ये ॲनालिसिसची जागा रिकामी असेल तर ती भरायची कशी? गुण किंवा ग्रेड देणारा, कुठल्या तरी विद्यापीठाचा क्रेडिटचा कोर्स करून. ऑनलाइन व्याख्यानमालांची प्रमाणपत्रं शिकायला उत्तम, पण पुरावा म्हणून हलकी, कारण तिथे सिद्धता कोणी तपासलेल्या नसतात. अर्जाच्या वेळी चालू असलेला कोर्सही अर्जात नोंदवा. ग्रेड जानेवारीत आली आणि विभाग नवी कागदपत्रं घेत असेल तर अद्ययावत ट्रान्सक्रिप्ट पाठवा. आणि ॲनालिसिसमध्ये एकदा कमी ग्रेड मिळाली असेल तर खुलासे लिहीत बसण्यापेक्षा त्याच धाटणीचा पुढचा विषय घेऊन त्यात चांगली ग्रेड मिळवणं जास्त बोलतं.

मास्टर्सचा हिशोब निराळा आहे. तिथे वर्ग मोठे असतात, खर्च बहुतेक वेळा विद्यार्थ्याचा स्वतःचा असतो आणि विभाग तुमच्यावर पैसे लावत नसतो. त्यामुळे प्रवेशाची चाळणीही तेवढी बारीक नसते. नोकरीसाठी शिकायचं असेल तर मास्टर्स सरळ मार्ग आहे. पीएचडीचा पूल म्हणून मास्टर्स करायचं असेल तर तिथे पीएचडीवाल्यांबरोबर बसून थिअरीचे कोर्स घेता येतात का आणि प्रबंधाची सोय आहे का, हे आधी विचारा. नाहीतर दोन वर्षांनी ट्रान्सक्रिप्टची अडचण तीच राहते, फक्त कर्ज वाढलेलं असतं. अमेरिकेत पीएचडीला थेट पदवीनंतर अर्ज करता येतो, मास्टर्स आधी असलंच पाहिजे असं नाही. पीएचडी करता करता मास्टर्सची पदवी वाटेत देणारे विभाग पुष्कळ आहेत.

बायोस्टॅटिस्टिक्सचे, म्हणजे आरोग्य आणि जीवशास्त्रातल्या डेटाच्या संख्याशास्त्राचे, विभाग बहुधा सार्वजनिक आरोग्य विद्यालयात असतात, गणिताच्या इमारतीत नाही. तिथे पैसा बराचसा आरोग्य संशोधनाच्या अनुदानांतून येतो आणि यात परदेशी विद्यार्थ्यांसाठी एक गोम आहे: अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेची प्रशिक्षण अनुदानं फक्त अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवाशांना मिळतात. बाकीच्यांचा खर्च प्राध्यापकांच्या संशोधन प्रकल्पातून किंवा शिकवण्याच्या कामातून निघतो, त्यामुळे त्यांच्यासाठी जागा कमी असू शकतात. विभागाला ई-मेल करून हे सरळ विचारावं, त्यात गैर काही नाही. काही बायोस्टॅटिस्टिक्सचे अर्ज सोफास या सामायिक प्रणालीतून जातात. तिथे परदेशी ट्रान्सक्रिप्टचं मूल्यांकन वेगळ्या संस्थेकडून करून घ्यावं लागतं आणि त्याला काही आठवडे लागतात. डिसेंबरची डेडलाइन असेल तर हे काम सप्टेंबरातच सुरू करा.

विभाग निवडताना लोक आधी क्रमवारी उघडतात. त्यापेक्षा विभागाच्या पानावर सध्याच्या पीएचडी विद्यार्थ्यांची यादी उघडा. ते कुठून आले, आधी मास्टर्स होतं का, गणितातून आले की अर्थशास्त्रातून, हे बऱ्याच जणांच्या स्वतःच्या पानावर असतं. आपल्यासारखी वाट काढून आलेला एकही जण पंचवीसेक नावांत दिसत नसेल तर तो विभाग महत्त्वाकांक्षी गटात टाका. विभागांचा स्वभावही निरनिराळा असतो आणि त्याची मुळं जुनी आहेत. आयोवा स्टेटची संख्याशास्त्र प्रयोगशाळा जॉर्ज स्नेडेकर यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये उभी राहिली, ती शेतीच्या प्रयोगांना सल्ला देता देता. बर्कलीत यर्झी नेमन १९३८ मध्ये आले ते गणित विभागात, आणि स्वतंत्र संख्याशास्त्र विभाग तिथे १९५५ मध्ये झाला. आज दोन्हीकडे सगळंच चालतं, पण कुठल्याही विभागाचा कल कुठे आहे हे पहिल्या वर्षाच्या अनिवार्य कोर्सवरून आणि प्राध्यापकांच्या गेल्या तीन वर्षांतल्या लेखांवरून अर्ध्या तासात कळतं. साधारण आठ ते बारा अर्ज पुरतात. त्याहून जास्त केले की प्रत्येक एसओपी पातळ होते आणि अर्जशुल्कही साचत जातं.

जीआरई या प्रवेशपरीक्षेबद्दल थोडक्यात. बऱ्याच विभागांनी जनरल परीक्षा ऐच्छिक केली आहे किंवा बंदच केली आहे, तेव्हा प्रत्येक विभागाचा त्या वर्षीचा नियम बघा. सप्टेंबर २०२३ पासून ती १ तास ५८ मिनिटांची झाली आहे. क्वांटमध्ये (तिच्या गणिती भागात) १७० पैकी १६९-१७० असणं संख्याशास्त्राच्या अर्जदारांत इतकं सर्रास आहे की त्याने कोणी उठून दिसत नाही, १६० आला तर मात्र नजरेत भरतो. गणिताची सब्जेक्ट परीक्षा वेगळी: ६६ प्रश्न, २ तास ५० मिनिटं, निम्मा भाग कॅल्क्युलस, चौथा हिस्सा अल्जिब्रा, उरलेल्यात ॲनालिसिस, संभाव्यता वगैरे. ती वर्षातून मोजक्याच वेळा होते, सप्टेंबर, ऑक्टोबर आणि एप्रिलमध्ये. त्यामुळे डिसेंबरच्या अर्जासाठी ऑक्टोबर ही शेवटची गाडी. ज्यांच्या महाविद्यालयाचं नाव कमिटीला ओळखीचं नाही त्यांच्यासाठी ही परीक्षा उपयोगी आहे, कारण तिच्या गुणांवरून कुठल्याही महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांची तुलना करता येते. तिथे लोक अडतात ते वेळेवर. अडीच मिनिटांत एक प्रश्न, आणि कॅल्क्युलसचा हात सुटलेला असतो. इंटिग्रेशनचे रोज वीस प्रश्न घड्याळ लावून, सहा आठवडे, एवढी सोपी आणि कंटाळवाणी तयारी लागते.

आता शिफारसपत्रं. तीन लागतात. माझ्या मते ट्रान्सक्रिप्टखालोखाल वजन यांचंच, आणि सर्वात जास्त चुकाही इथेच होतात. 'या विद्यार्थ्याने माझ्या वर्गात अ ग्रेड मिळवली, तो वक्तशीर आणि नम्र आहे' हे पत्र काही सांगत नाही, ग्रेड तर ट्रान्सक्रिप्टमध्ये दिसतेच. कमिटीला हवी असते तुलना: 'गेल्या दहा वर्षांत मी ॲनालिसिस शिकवलेल्या विद्यार्थ्यांत पहिल्या तिनात', किंवा 'याच पातळीचे माझे दोन विद्यार्थी अमुक विभागात गेले आणि तिथे टिकले'. असं वाक्य लिहायला प्राध्यापकाला तुम्ही माहीत असावे लागता. ते माहीत होतात ते ऑफिस अवर्समध्ये, पुढच्या कोर्समध्ये, एखाद्या वाचन-प्रकल्पात. नोव्हेंबरात पाठवलेल्या ई-मेलने नव्हे. तीनपैकी किमान एक पत्र सिद्धता शिकवणाऱ्या प्राध्यापकाचं आणि एक संशोधन किंवा प्रकल्प पाहिलेल्या माणसाचं असावं. इंटर्नशिपच्या मॅनेजरचं पत्र तिसरं म्हणून चालतं, पहिलं म्हणून नाही. मोठ्या पदावरच्या पण ओळख नसलेल्या माणसाचं पत्र तर घेऊच नका.

विचारताना 'पत्र द्याल का' असं नको, 'पीएचडीसाठी भक्कम पत्र देता येईल असं वाटतं का' असं विचारा. समोरचा घुटमळला तर आभार मानून दुसरीकडे जा. होकार आला की सहा ते आठ आठवडे आधी एका ई-मेलमध्ये सगळं द्या: ट्रान्सक्रिप्ट, सीव्ही, एसओपीचा मसुदा, त्यांच्या कोर्समध्ये तुम्ही काय केलं त्याच्या चार ओळी, आणि विभागांची यादी डेडलाइनच्या क्रमाने. पत्र बघण्याचा हक्क सोडता का, असं अर्जात विचारतात. सोडा. जपून ठेवलेल्या हक्काखाली लिहिलेल्या पत्रावर कोणी फारसा विश्वास ठेवत नाही.

संशोधनाचा अनुभव नसेल तर काय करायचं? नाव छापून येईल असा लेख पदवीच्या वर्षात फार थोड्यांचा असतो आणि कमिटीला ते माहीत असतं. त्यांना हवी असते ती प्रश्न नीट विचारण्याची सवय, आणि ती दाखवायला एक चांगलं सिम्युलेशन पुरतं. उदाहरणार्थ, घातांकी वितरणातून २० निरीक्षणं घ्या, सरासरीसाठी नेहमीचं ९५ टक्क्यांचं टी-अंतराल (खरी सरासरी ज्यात असावी असा पट्टा) काढा आणि ते खऱ्या सरासरीला किती वेळा पकडतं ते मोजा. वितरण एका बाजूला झुकलेलं असल्यामुळे कव्हरेज, म्हणजे पकडण्याचं प्रमाण, ९५ च्या खाली जातं. का जातं, कुठल्या बाजूला जास्त चुकतं, नमुना १०० केला तर किती सुधारतं, बूटस्ट्रॅप (हातातल्या नमुन्यातूनच पुन्हा पुन्हा नमुने काढण्याची पद्धत) कुठला निवडला तर फरक पडतो, असे प्रश्न पुढे सुचत जातात. मग तुमचा स्वतःचा आकडा किती भरवशाचा, हेही सांगा. १,००० वेळा केलेल्या सिम्युलेशनमध्ये ९५ टक्क्यांच्या आसपासच्या कव्हरेजची प्रमाण त्रुटी (सिम्युलेशन पुन्हा केलं तर आकडा साधारण किती हलेल ते) जवळजवळ ०.७ टक्केबिंदू असते. म्हणजे ९४.३ आणि ९५ यातला फरक काहीच सांगत नाही. १०,००० वेळा केलं की ती ०.२ च्या आसपास येते. तक्त्याखाली ही एक ओळ लिहिणारा अर्जदार कमिटीला लगेच कळतो. दुसरा मार्ग म्हणजे एखाद्या प्रकाशित लेखातला सिम्युलेशनचा तक्ता स्वतः पुन्हा तयार करून बघणं. आकडे जुळले नाहीत तर का, ते शोधण्यातच खरं शिक्षण आहे.

एसओपी यावर उभी राहते. एक ते दोन पानं. 'लहानपणापासून आकड्यांची ओढ होती' हे वाक्य लिहिलं असेल तर खोडा. 'बिग डेटाच्या युगात' हेही. समजा प्रकल्पाबद्दल मसुद्यात असं लिहिलं आहे: 'मी रुग्णांच्या डेटावर काम केलं आणि प्रगत तंत्रं वापरून महत्त्वाचे निष्कर्ष काढले.' यातून वाचणाऱ्याला काहीच हाती लागत नाही. तेच असं लिहा: 'उपचार मध्येच सोडलेल्या रुग्णांच्या नोंदी अपुऱ्या होत्या. पूर्ण नोंदींवरच मॉडेल बसवलं तर औषधाचा परिणाम जास्त दिसत होता. सोडून जाणं आजाराच्या तीव्रतेशी जोडलेलं असावं असं वाटल्याने मल्टिपल इम्प्युटेशन वापरलं. परिणाम कमी झाला, पण गृहीतक बदललं की तो किती हलतो हे मला तेव्हा तपासता आलं नाही. हाच प्रश्न मला पुढे घेऊन जायचा आहे.' शेवटच्या दोन वाक्यांत मर्यादा आणि पुढची दिशा दोन्ही आली. खरं तर त्या दोन वाक्यांसाठीच बाकीचा परिच्छेद लिहायचा.

प्रत्येक विभागासाठी बदलायचा तो एक परिच्छेद. दोन-तीन प्राध्यापकांची नावं आणि त्यांच्या कामातलं नेमकं काय. इथल्या चुका ठरलेल्या आहेत: निवृत्त झालेल्या किंवा दुसरीकडे गेलेल्या प्राध्यापकाचं नाव, संगणकशास्त्रातल्या माणसाला संख्याशास्त्राचा समजणं, आणि सर्वात लाजिरवाणी म्हणजे मागच्या अर्जातलं विद्यापीठाचं नाव तसंच राहणं. फाइलला विद्यापीठाचं नाव द्या आणि पाठवण्यापूर्वी बाकीच्या अकरा नावांचा शोध घेऊन बघा. संख्याशास्त्रात प्रवेश बहुधा कमिटी देते, एकटा प्राध्यापक नाही. त्यामुळे आधी पन्नास प्राध्यापकांना ई-मेल करून फारसं हाती लागत नाही. ब्रिटनमध्ये बहुधा उलट असतं, तिथे पीएचडीसाठी मार्गदर्शक आधी गाठावा लागतो.

अर्ज भरताना होणाऱ्या पडझडी बहुतेक कारकुनी असतात. यादीतून पीएचडीऐवजी मास्टर्स निवडलं जातं. पासपोर्टवरचं नाव आणि ट्रान्सक्रिप्टवरचं नाव वेगळं असतं आणि जीआरईचे गुण अर्जाला जोडलेच जात नाहीत. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दोन वर्षांनी बाद होतात हे ऐनवेळी कळतं. वेगळ्या पद्धतीचे गुण स्वतःच चारपैकी मोजल्या जाणाऱ्या जीपीएत (सरासरी ग्रेडमध्ये) बदलून टाकले जातात. विभागाने मागितलं नसेल तर ते करू नका, मूळ गुण आणि कमाल गुण लिहा. डेडलाइन कुठल्या वेळपट्टीनुसार आहे तेही बघून ठेवा. आणि पत्रं आली का, ते डेडलाइननंतर दुसऱ्याच दिवशी तपासा. उशिरा आलेलं पत्र बरेच विभाग चालवून घेतात, पण न आलेल्या पत्राची आठवण ते करून देतीलच असं नाही.

निकाल साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. बायोस्टॅटिस्टिक्सवाले त्याआधी मुलाखतीला बोलावतात. मुलाखतीत एसओपीतल्या प्रकल्पावरच खोदून विचारतात, तेव्हा त्यातलं प्रत्येक गृहीतक तोंडपाठ हवं. ऑफर आली की पत्रातला आकडा नीट वाचा. स्टायपेंड नऊ महिन्यांचा की बाराचा? उन्हाळ्याची हमी आहे का? ट्यूशन माफ असली तरी विद्यार्थी-शुल्क वेगळं भरावं लागतं का? आरोग्यविमा कोण भरतं? किती वर्षांची हमी आणि कुठल्या अटीवर? क्वालिफाइंग परीक्षा किती वेळा देता येते आणि गेल्या काही वर्षांत किती जण तिच्यात नापास होऊन बाहेर पडले? शेवटचा प्रश्न विभागापेक्षा तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलेला बरा.

कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा एक ठराव आहे. त्यावर सही केलेली विद्यापीठं १५ एप्रिलच्या आधी आर्थिक मदतीच्या ऑफरचं उत्तर देण्याची सक्ती करत नाहीत. त्यामुळे प्रतीक्षायादी हलते ती बरीचशी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, लोक हातातल्या ऑफर सोडतात तसतशी. तुमच्याकडे तीन ऑफर असतील आणि दोन नको हे मार्चमध्येच ठरलं असेल तर तेव्हाच कळवून टाका. यादीत खाली थांबलेल्या कोणाला तरी मग एप्रिलच्या मध्याऐवजी मार्चअखेरीस उत्तर मिळतं.